खव्याच्या हंगामातली बुलेट

दसरा तोंडावर आला की धाराशिवात गाड्यांच्या शोरूमबाहेर मांडव पडतो आणि आमच्या घरात वाद. यंदाचा वाद साधाच होता. आमच्या ह्यांची जुनी गाडी उतारावर आपोआप आणि चढावर विनवण्या करून चालायला लागली होती, त्यामुळं नवी घ्यायची हे ठरलं होतं. कुठली घ्यायची एवढंच ठरत नव्हतं. ह्यांना जुन्या वळणाची गाडी हवी होती: गोल दिवा, फुगीर टाकी, लांब सायलेन्सर, आणि सुरू केली की शेजाऱ्यांच्या भांड्यांनाही कळेल असा आवाज. माझं म्हणणं होतं की रोज उठून कामावर जाणाऱ्या माणसानं शंभर सीसीची साधी गाडी घ्यावी आणि आवाज टीव्हीचा ऐकावा.

गाडीबद्दल मी ऐकीव बोलत नाही. ढोकीच्या बाजूला एका गावात माझी शाळा आहे आणि तिथं मी रोज मोटारसायकलवर जाते. स्कूटी नव्हे, गिअरची मोटारसायकल. आता गावाला सवय झाली, पण नवीन होते तेव्हा पालकसभेत एका आजोबांनी मला विचारलं होतं, "बाई, ही गाडी मालकांची हाय का?" मी म्हणाले, "नाही आजोबा, मालकांची वेगळी आहे. ती गॅरेजात असते."

हा रस्ता ज्यानं उसाच्या हंगामात पाहिलाय त्याला साध्या गाडीचे गुण सांगावे लागत नाहीत. पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, त्याच्या मागं दुसरा, दोघांच्या टेपवर वेगवेगळी गाणी. वाटेत पडलेल्या उसाच्या कांड्या. अशा वेळी हलकी गाडी साइडपट्टीवर उतरते, पुन्हा वर चढते, शाळेची घंटा चुकत नाही. ॲव्हरेज एवढं देते की पंपावरचा माणूस आपल्याला विसरून जातो. पंक्चर झाली तर कुठल्याही फाट्यावर टायर टांगलेलं दुकान सापडतं, आणि पार्टही तिथल्याच डब्यात असतो. कायद्यानं तिच्यावर दोघं बसतात, लग्नसराईत कितीही.

मोठ्या गाडीचेही गुण आहेत, ते मी नाकारत नाही. ती रस्त्याला धरून राहते, माळावरच्या वाऱ्यानं हलत नाही, लांबच्या पल्ल्याला पाठ धरत नाही. पण ह्यांचं ऑफिस घरापासून एवढं जवळ आहे की चौथा गिअर पडायच्या आत येतं. मी हे बोलून दाखवलं. हे रोज जेवणानंतर मोबाइलवर गाड्यांची तुलना करणारे व्हिडिओ बघायचे. त्यातला टोपीवाला मुलगा टॉर्क, व्हीलबेस असलं काहीबाही सांगत होता. तो थांबवून हे म्हणाले, "अगं, गाडी म्हणजे नुसतं पोचणं असतं का?"

"मग काय असतं?"

"बसल्यावर माणसाला बरं वाटलं पाहिजे."

मी भांडी उचलून आत गेले. हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलं होतं. ईटजवळच्या आमच्या वाडीत, खव्याच्या हंगामात, माझ्या वडलांच्या तोंडून.

आमच्याकडं वर्षाचे हंगाम पिकांवर मोजत असले तरी आमच्या घरचा हंगाम दुधाचा होता. दसरा झाला की गोड पदार्थांची मागणी वाढायची, थंडीत म्हशी चांगलं दूध द्यायच्या आणि भूम भागातल्या भट्ट्या पहाटेपासून पेटायच्या. आमची भट्टी अंगणाच्या कडेला, पत्र्याखाली. तिची मालकीण आई. मोठ्या कढईत दूध उकळत असताना ती लांब दांड्याचं उलथनं फिरवत उभी राहायची, आणि तिनं हात थांबवला तर दूध तळाला धरायचं. म्हणून त्या वेळी तिच्याशी बोलायचं असेल तर कढईभोवती तिच्यामागं फिरत बोलावं लागे. धूर डोळ्यांत जायचा, पण वास असा सुटायचा की वाटेनं जाणारा माणूस विनाकारण आमच्याकडं पाणी मागायला यायचा. कढईच्या कडेची खरवड माझी असायची. आजही कुठं दूध करपल्याचा वास आला की लोक नाक मुरडतात आणि मला भूक लागते.

वस्त्यांवर फिरून दूध गोळा करायचं काम अण्णांचं, म्हणजे माझ्या वडलांचं. सायकलच्या दोन्ही बाजूंना पितळी कडीच्या बारक्या किटल्या लटकवून ते निघायचे. एक किटली काठोकाठ भरली की झाकण घट्ट बसवून दुसरी उघडायची, अशी त्यांची रीत. धोतर, टोपी, सायकल आणि किटल्यांचा खणखणाट, एवढं मिळून अण्णा व्हायचे. त्यांना कुठलंही व्यसन नव्हतं. फक्त बुलेट.

त्याला कारण होतं. अण्णांच्या तरुणपणी भूमच्या बाजारात एक ठेकेदार बुलेटवरून यायचा. त्या गाडीचा आवाज लांबून आला की बाजारातली माणसं, शेळ्या, हातगाड्या आपसूक बाजूला व्हायच्या. अण्णांना आयुष्यात कुणी बाजूला सरून वाट दिली नव्हती. सायकलवाल्याला कोण देतो? त्यालाच घंटी वाजवत गटाराच्या कडेनं जावं लागतं. ते म्हणायचे, "एकदा त्या गाडीवर बसायचं हाय. बसल्यावर माणसाला बरं वाटलं पायजे." आई म्हणायची, "मला बसल्यावर कवाबी बरंच वाटतंय. बसायलाच मिळंना."

ज्या वर्षी गाडीपुरते पैसे जुळले, त्याच वर्षी माझी अडचण झाली. मी भूमला डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि आमच्या वाडीची सकाळची एसटी बंद पडली. माणसं मिळत नाहीत, असं कारण सांगितलं. पुढची गाडी यायची तोवर कॉलेजात दोन तास होऊन गेलेले असायचे, आणि डी.एड.ला हजेरीशिवाय परीक्षा नाही. त्यात एक स्थळ चालून आलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं, फक्त त्यांना पुढं शिकणारी सून नको होती. अण्णांनी संक्रांतीपर्यंत मुदत मागून घेतली होती. कॉलेजला जाता आलं तर नकार कळवायचा आणि न आलं तर होकार, असा सगळा सरळ हिशेब होता. म्हणून हलकी गाडी यावी एवढीच माझी इच्छा होती. अण्णांनी तिच्यावर पहाटे लांबच्या वस्त्यांचं दूध गोळा करावं, जवळच्या वस्त्या सायकलवर कराव्यात, तेवढ्यात मी तीच गाडी घेऊन भूमला जावं, जाताना तयार खवा व्यापाऱ्याकडं टाकावा. मी हे आईला सांगितलं, आईनं अण्णांना सांगितलं, आणि अण्णांनी "बघू" म्हटलं. आमच्या घरात "बघू" म्हणजे निम्मा होकार.

दसऱ्याला अण्णा आले ते आवाजावरूनच कळलं. आधी कुत्री भुंकली, मग कोंबड्या पळाल्या आणि मग वाडीतली सगळी माणसं वेशीकडं आली. जुनीच, पण घासून पुसून काळीभोर केलेली बुलेट. टाकीवर झेंडूचा हार. अण्णा ताठ बसले होते. त्यांना एवढं ताठ बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. माणसं दोन्ही बाजूंना सरकली, त्यांना मधून वाट मिळाली आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला आनंद झाला आणि रडूही आलं, दोन्ही खरंच.

"कशी हाय?" त्यांनी विचारलं.

"लई भारी आहे अण्णा," मी म्हणाले. रात्र पडायच्या आत मी तिला स्टँडवरून काढून पाहिलं. ती हलली नाही, मीच हलले. किक मारली तर तिनं पाय उलटा फेकला.

"म्या सोडत जाईन की तुला," अण्णा म्हणाले. पण पहाटेच्या फेरीनंतर जवळच्या वस्त्यांच्या दुधाची वेळ आणि कॉलेजची वेळ एकच. दूध थांबत नाही, नासतं. शिकणारी पोर थांबू शकते, असं जगाला वाटतं. अण्णांनी चार-सहा वेळा मला सोडलं, तेव्हा भट्टी उशिरा पेटली आणि खवा संध्याकाळी व्यापाऱ्याकडं गेला. मग माझे खाडे सुरू झाले.

इकडं बुलेटनं दुसरंच काम काढलं. गाडी आली तशी अण्णांना सायकलच्या बारक्या किटल्या लहान वाटायला लागल्या. "एवढ्या मोठ्या गाडीला ही बारकी भांडी शोभत न्हायती," म्हणून त्यांनी बाजारातून दोन मोठाले कॅन आणले. वस्त्यांवरचं दूध मात्र वाढलं नव्हतं. ते निम्म्या कॅनात यायचं आणि निम्मा कॅन मोकळा राहायचा. वाडीचा रस्ता खडीचा, बुलेटचा धक्का खालून, दूध वरती उसळायला जागा भरपूर. दोन-चार दिवसांत आईनं झाकण उघडलं तर दुधावर लोण्याचे गोळे तरंगत होते.

आईनं उलथन्यानं एक गोळा उचलून पाहिला. मग म्हणाली, "अवं, गाडी आणलीया का रवी?"

यात हसण्यासारखं होतं, पण नुकसानही होतं. लोणी काढून घेतलं तर खवा कोरडा व्हायचा, तसंच आटवलं तर तूप सुटायचं. भूमच्या व्यापाऱ्यानं खवा बोटांत चोळून परत ठेवला. वाडीला मात्र पर्वणी मिळाली. अण्णा दिसले की कुणी म्हणायचं, "अण्णा, जाता जाता आमचं बी ताक करून द्या." कुणी रिकामा गडू पुढं करायचं. नाव पडलं, लोणीवाले अण्णा. पाहुण्यांच्या गावापर्यंत ते गेलं.

त्या दिवसांतलं मला आठवतं ते भट्टीपुढं बसणं. हजेरी घटत चालली होती आणि कॉलेजातल्या बाईंनी निरोप धाडला होता की आता चुकलीस तर परीक्षेला बसता येणार नाही. मी जळण सारायची, आई उलथनं फिरवायची, आणि दारात काळी बुलेट उभी असायची. तिच्यावर राग धरायचा तर तिच्याकडं पाहून अण्णांचा ताठ बसलेला चेहरा आठवायचा. बुलेट वाईट नव्हती. एखाद्या घरात एकच गाडी असते तेव्हा ती कुणाची गाडी आहे हा प्रश्न असतो, एवढंच.

संक्रांत जवळ आली तसे एका सकाळी अण्णा बुलेट घेऊन बार्शीला गेले आणि दिवस कलताना परत आले. या वेळी कुत्रं भुंकलं नाही. अंगणात एक हलकी, काळ्या रंगाची, लाल पट्ट्यांची शंभर सीसीची गाडी उभी होती आणि अण्णा तिच्या दिव्याची काच पुसत होते. वाडीतली माणसं जमली. "बुलेट कुठं गेली?" असं सगळ्यांनी विचारलं.

"दिली," अण्णा म्हणाले. "दुधाचं लोणी व्हायलंय म्हटल्यावर काय करता? खव्याचा धंदा हाय आपला, ताकाचा न्हाय."

सगळे हसले. तेही हसले.

मला गाडी शिकवली ती त्यांनीच, ज्वारीच्या रानाशेजारच्या माळावर. मास्तरासारखं समजावून सांगणं त्यांना येत नव्हतं. त्यांनी काठोकाठ भरलेली बारकी किटली झाकण न लावता मागं लटकवली आणि म्हणाले, "सांडलं न्हाय म्हंजी आली गाडी." पहिल्या दिवशी माझा पाय दुधानं भिजला. क्लच झटकन सोडला की सांडायचं, ब्रेक घाईनं दाबला की सांडायचं. पुढं पुढं थेंबावर आलं, मग तेही नाही. तेव्हाच्या उस्मानाबादला जाऊन लायसन काढलं. पाट्यांवर उस्मानाबाद होतं, आईच्या तोंडी तेव्हाही धाराशिवच. संक्रांतीला त्या स्थळाला नकार गेला. मी रोज खवा व्यापाऱ्याकडं टाकून कॉलेजात वेळेवर पोचायला लागले, परीक्षेला बसले, पास झाले. आजही माझ्या मागं बसलेलं माणूस म्हणतं की बाई गाडी फार सावकाश सोडतात. त्यांना काय सांगणार, मागं दूध असतं.

पुढं मला नोकरी लागली, माझं लग्न झालं. शिकलेली सून हवी असलेलं घर मिळालं. बुलेटची गोष्ट तेवढी जुनी झाली नाही. आमच्या लग्नात, बारशांत, कुठल्याही पंगतीत कुणीतरी ताकाची वाटी उचलून म्हणायचं, "बुलेटचं हाय का?" आणि अण्णा दर वेळी नव्यानं हसायचे. मीसुद्धा ही गोष्ट शाळेत मुलांना सांगितली आहे. लोणी कसं निघतं हे शिकवायला तिच्यासारखी गोष्ट नाही.

गेल्या उन्हाळ्यात माहेरी गेले होते. भट्टीला आता मोटार बसवली आहे, उलथनं आपोआप फिरतं आणि आई शेजारी खुर्ची टाकून बसते. मी सहज म्हणाले, "तेव्हा ही मोटार असती तर त्या लोण्याचंही काही करता आलं असतं."

"कसलं लोणी?" आई म्हणाली. "ते कवाच बंद झालं हुतं."

मला कळेना. मग तिनं सांगितलं. मोठा कॅन निम्मा राहतो म्हणून दूध घुसळतं हे तिच्या लगेच ध्यानात आलं होतं. तिनं माळ्यावरच्या जुन्या किटल्या काढून दिल्या, त्या पूर्वीसारख्या काठोकाठ भरून आणायला सांगितल्या. पुन्हा लोण्याचा कण दिसला नाही. खवा पहिल्यासारखा झाला, व्यापाऱ्यानं मुकाट्यानं घेतला. त्याच किटल्या बुलेटला टांगून अण्णा चांगले काही दिवस दूध आणत होते. वाडी मात्र लोण्यावरच अडून बसली होती, तिला नवी बातमी कुणी दिली नाही, आणि हजेरीच्या धास्तीत माझं दुधाकडं लक्षच नव्हतं.

"मग विकली कशाला?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. "तुला कालिजात जायचं हुतं का न्हाय?"

"मग तसं सांगायचं होतं लोकांना."

"म्या बी म्हटलं. तर म्हणले, पोरीचं नाव घेतलं तर गाव काय म्हणंल? बापाच्या हौसंवर पाणी पाडलं पोरीनं. उद्या ते तिच्या सासरपतुर जाईल. त्यापरीस लोण्यावर घाला. लोण्याला काय नांदायला जायचंय?"

मी मोटारीचा आवाज ऐकत बसले. ज्या माणसाला आयुष्यात एकदा गर्दीनं वाट द्यावी असं वाटत होतं, त्यानं तीच गाडी विकली आणि पुढं जन्मभर त्याच गर्दीला स्वतःवर हसू दिलं. आणि हे सगळं इतक्या सहज, जणू किटली बदलली. मला अण्णांचा फार अभिमान वाटला आणि त्याहून जास्त त्यांच्या जवळ जाऊन बसावंसं वाटलं. पण ते शेतात होते, आणि आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "गाडीचं ऑइल बदललीस का?"

म्हणून यंदाच्या वादात मी माघार घेतली. पोचायला माझी गाडी घरात आहे. दुसरी बरं वाटण्यासाठी असली तर बिघडत नाही. उलट, जमत असताना माणसानं ते करून घ्यावं. मी ह्यांना म्हटलं, "घ्या तुमची ती गोल दिव्याची. पण पहिली चक्कर अण्णा मारणार." ह्यांना सगळी गोष्ट मी उन्हाळ्यातच सांगितली होती. ते एवढंच म्हणाले, "हे काय सांगणं झालं?"

दसऱ्याला अण्णा आणि आई आले. दारात दोन्ही गाड्या उभ्या केल्या, माझी ओरखडे पडलेली आणि ह्यांची चकचकीत. आईनं दोघींना कुंकू लावलं, हार घातले, चाकाखाली लिंबू ठेवलं. ह्यांनी किल्ली अण्णांपुढं धरली.

"न्हाय न्हाय, जावईबापू. तुमची गाडी, तुमीच काढा."

"अण्णा, मला एवढी जड गाडी वळवता येते का बघायचंय. तुम्ही दाखवा."

हे खोटं होतं आणि अण्णांना ते कळलं. पण ते बसले. टोपी नीट केली, किकसाठी पाय खाली नेला, आणि बटनावर गाडी सुरू होते म्हटल्यावर थोडे नाराज झाले. मग गल्लीतून बाहेर पडले, ताठ. कोपऱ्यावर एक रिक्षावाला आवाज ऐकून बाजूला झाला, तो मी पाहिला.

बराच वेळ आले नाहीत. हे फाटकाशी येरझाऱ्या घालायला लागले, आई म्हणाली, "ते बार्शीपतुर गेलं असतील." शेवटी आवाज आला. अण्णांनी गाडी आणून उभी केली, हँडलला अडकवलेली दुधाची पिशवी काढली आणि गंभीर चेहऱ्यानं आईपुढं धरली.

"बघ बरं, लोणी आलंय का."

"गच्च भरल्याली पिशवी हाय," आई म्हणाली. "भरल्यालं दूध घुसळत न्हाय, तुमाला काय म्हाईत न्हाय व्हय?"

बोलून झाल्यावर तिला आठवलं की मी शेजारीच उभी आहे आणि तिनं मला सांगून टाकल्याचं अण्णांना माहीत नाही. अण्णांनाही मी दिसले. त्यांनी पुढं धरलेली पिशवी खाली घेतली.

"मला माहिती आहे अण्णा," मी म्हणाले. "आईनं उन्हाळ्यात सांगितलं."

"हिच्या तोंडात तीळ भिजत न्हाय," ते आईकडं बघून पुटपुटले. मग खाली बघत गाडीच्या टाकीवरून एकदा हात फिरवला.

"तू झालीस ना पर मास्तरीण?"

"झाले."

"मग कामाला आली की बुलेट," अण्णा म्हणाले, आणि दुधाची पिशवी माझ्या हातात दिली. "जा, चहा टाक."